वळणावरची पांढरी रेघ

एका जंगलात, पोरांनो, एक डांबरी रस्ता होता आणि त्या रस्त्याला एक आंधळं वळण होतं. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला करवंदीची जाळी. समोरून कोण येतंय ते कुणालाच दिसायचं नाही.

जाळीत चिंगूबाई साळिंदर राहायची. तिला तीन पिल्लं. ओढा रस्त्याच्या पलीकडे. म्हणजे पाणी प्यायचं तर रोज वळण ओलांडणं आलं.

पण तेव्हा ते जमायचं. वळण आलं की भल्याभल्यांची तंतरायची. हॉर्न वाजवत, ब्रेकवर पाय ठेवून गाड्या गोगलगायीसारख्या यायच्या. तरसाचा टेम्पोसुद्धा. चिंगूबाई हॉर्न ऐकून थांबायची, मग पिल्लांना घेऊन पलीकडे.

हे थोरामोठ्यांना बघवलं नाही. थोरमोठे म्हणजे कोण? ज्यांच्या हातून चुका होत नाहीत, फक्त उद्घाटनं होतात, ते.

"आपल्या जंगलात गाड्या रांगतात. शोभतं का?" त्यांचे प्रमुख गवाआबा म्हणाले. "शेजारच्या जंगलात रस्त्याच्या मधोमध पांढरी रेघ आहे. आपल्याकडेही पाहिजे."

रेघ आली. नारळ फुटला. रेघेला हळदकुंकू वाहिलं. अस्वलकाकांनी आबांना शाल घातली, आबांनी अस्वलकाकांना.

"प्रत्येकानं आपापल्या बाजूनं जायचं," आबा भाषणात म्हणाले. "आता भ्यायचं नाही!"

आणि खरंच सगळ्यांनी भ्यायचं सोडलं. रेघेच्या अलीकडचा रस्ता आपल्या बापाचा. मग हॉर्न कशाला? ब्रेक कशाला? तरस कोपरानं स्टेअरिंग धरून, तंबाखू मळत वळण घ्यायला लागला.

एकदा चिंगूबाईचं धाकटं पिल्लू चाकाखाली येता येता वाचलं. पाठीचे चार काटे तेवढे रस्त्यावर राहिले.

ती तडक आबांकडे गेली. "आबा, ती रेघ पुसा. आधी बरं होतं."

"तुझ्या पोरांना रेघ दिसत नाही का, बाई?"

"दिसते की. पण आम्हाला आडवं जायचंय, आबा."

"आडवं जायची पद्धत आहे का आपल्यात?"

चिंगूबाई घरी आली. ओढ्यातला चिखल आणला आणि वळणापुरती रेघ लिंपून टाकली.

तरस आला. वळणावर रेघच गायब! त्याच्या हातातली तंबाखू सांडली. पुन्हा हॉर्न, पुन्हा ब्रेक, पुन्हा गोगलगाय. पिल्लं निवांत पलीकडे.

पुढे बरेच दिवस कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

"बघा, रेघेचा गुण!" अस्वलकाका म्हणाले. आबांचा सत्कार ठरला, तोही वळणावरच. तयारीला गेल्यावर चिखल दिसला. थोरमोठे खवळले. चिखल धुतला, रेघ दुप्पट जाड रंगवली आणि रेघ विटाळली म्हणून चिंगूबाईला पिल्लांसकट रस्त्यापलीकडे, ओढ्याकाठी हाकलून दिलं.

सत्काराला सगळे हार घेऊन रेघेवर उभे राहिले. तेवढ्यात तरस आला. हॉर्न नाही, ब्रेक नाही. तंबाखू मात्र होती.

आबा करवंदीत. अस्वलकाका आबांवर. शाल टेम्पोच्या आरशाला.

"डोळे फुटले का रे तुझे?" आबा जाळीतून ओरडले.

"मी माझ्या बाजूनंच होतो, आबा," तरस म्हणाला. "आणि भ्यायचं नाही, हे तुम्हीच सांगितलंत."

ओढ्याकाठी पिल्लं पाणी पीत होती. धाकट्यानं मान वर केली.

"आई, आबांना रेघ दिसली नाही का गं?"

तात्पर्य: धोक्याचं वळण कधीही धोक्याचं दिसू देऊ नये. लोक घाबरतात, जपून चालतात, कुणी मरत नाही, आणि मग थोरामोठ्यांनी उद्घाटन करायचं तरी कशाचं?