साके-साक्षरता

फरीदाबादच्या उजागर हेडलॅम्प्स या कंपनीत शहाण्णव सालच्या उन्हाळ्यात असा निर्णय झाला की, सर्व वरिष्ठ अधिकाऱ्यांना साके आवडली पाहिजे. साके ही जपानी दारू असून ती तांदळाची करतात, यापलीकडे कोणालाच काही ठाऊक नव्हते. त्यामुळे निर्णय एकमताने झाला.

कारण गंभीर होते. देशाची दारे उघडली होती आणि त्यातून एक जपानी कंपनी शिरून उजागरमध्ये निम्मी भागीदार झाली होती. पावसाळा संपला की त्यांचे मोरिशितासाहेब येणार होते. कोणाला ठेवायचे आणि कोणाला स्वेच्छानिवृत्तीची इच्छा झाली आहे, हे तेच ठरवणार होते. खरेदी विभागाच्या भालचंद्र खांबेट्यांना अशी इच्छा मुळीच नव्हती. मुलगी देवयानी बारावीत होती आणि नव्या सेक्टरातल्या फ्लॅटला अजून खिडक्या बसायच्या होत्या.

जनरल मॅनेजर भसीनसाहेबांनी कुणाच्या तरी ओळखीतून साकेची एक बाटली मिळवली. पाहुण्यांसाठी म्हणून ती केबिनमधल्या काचेच्या कपाटात ठेवण्यात आली. ती उठून दिसावी म्हणून तिच्यावर कंपनीच्याच हेडलॅम्पचा झोत सोडला. उरलेले ऊन पश्चिमेच्या खिडकीतून येत होते.

प्रशिक्षणासाठी गुडगावहून राजनंदिनी मॅडम आल्या. जपानचा त्यांना प्रत्यक्ष अनुभव होता. टोकियोला त्यांनी एकदा विमान बदलले होते.

"साके समजून घ्यायची तर आधी तांदूळ समजून घ्या," त्या म्हणाल्या. "उत्तम साकेसाठी तांदूळ घासून घासून निम्मा करतात. मग वाफवतात आणि त्यावर मुद्दाम बुरशी वाढवतात."

भालचंद्रांनी हे घरी सांगितले तेव्हा सुमित्राबाई पोळी लाटायच्या थांबल्या. "निम्मा तांदूळ घासून टाकतात? आणि उरलेल्याला बुरशी? अहो, काल मी बुरशी आलेला भात टाकला तर तुम्ही मला दोन तास ऐकवत होतात!"

बाटली उघडायची नाही आणि सराव तर करायचा, असा पेच पडला. भसीनसाहेबांनी तो सोडवला. "खांबेटेजी, आप लोग तो चावलवाले हो. घरसे कुछ चावल का पानी ले आइए, यार."

दुसऱ्या दिवसापासून सुमित्राबाई पेज करून तिची वरची निवळ थर्मासात भरून देऊ लागल्या. मॅडमनी ती चिमुकल्या प्याल्यांत ओतली आणि विचारले, "काय जाणवतंय?"

"पेज," भालचंद्र म्हणाले.

मॅडमनी त्यांची वृत्ती नकारात्मक असल्याचे भसीनसाहेबांच्या कानावर घातले. पुढच्या घोटाला भालचंद्रांना पिकलेल्या नाशपातीची छटा जाणवली. सेल्सच्या साहेबांना खरबूज जाणवले, अकाउंट्सच्या साहेबांना पावसाने भिजलेले बांबूचे वन. एकदा सुमित्राबाईंनी सवयीने जिरे-मीठ घातले, तर ती अत्युच्च श्रेणीची साके ठरली आणि एका अधिकाऱ्याचे डोळे भरून आले.

रीतिरिवाजाचे शिक्षण मात्र अडखळले. जपानात आपला प्याला आपण भरायचा नाही, दुसऱ्याचा भरायचा, आणि धाकट्याने थोरल्याचा आधी. त्यावर सेवाज्येष्ठतेचा वाद निघाला. एकाच ग्रेडमधल्या दोघांपैकी कोणी ओतायची, हा प्रश्न हेड ऑफिसकडे गेला आणि उत्तर येईपर्यंत ते दोघे कोरडे बसले.

अखेर मोरिशितासाहेब आले. कंपनीच्या गेस्ट हाउसमध्ये दुपारचे जेवण होते. बाटली समारंभपूर्वक उघडली. आतून गर्द पिवळे पाणी निघाले आणि लोणच्याची बरणी महिनोन्‌महिने बंद राहिल्यावर यावा तसा वास आला. मोरिशितासाहेबांनी घोट घेतला. चेहऱ्यावरची रेषा हलली नाही.

"बिल्कुल बांबूचं वन," अकाउंट्सचे साहेब म्हणाले.

"खरबूज!" सेल्सचे साहेब म्हणाले.

भालचंद्रांनी डोळे मिटून प्याला रिकामा केला आणि नाशपातीचे नाव घेतले. मोरिशितासाहेबांनी लगेच तो भरला. भालचंद्रांनी पुन्हा संपवला. साहेबांनी पुन्हा भरला. नको असेल तर प्याला भरलेलाच ठेवायचा असतो, हे मॅडमनी शिकवले नव्हते. थोड्या वेळाने खिडक्या, बारावी, स्वेच्छानिवृत्ती हे सगळे भालचंद्रांना फार लांबचे वाटू लागले. ते उठून उभे राहिले.

"साहेब, माफ करा. पण ही नासलीय हो."

दुभाष्याने घाबरत घाबरत जपानी केले. भसीनसाहेबांनी डोके धरले. मोरिशितासाहेब मात्र खळखळून हसले. "माझे मामा साके बनवतात. उन्हात ठेवलेली ही बाटली केव्हाच मेली आहे. कोण बोलतो, तेच मी बघत होतो."

भालचंद्र गुणवत्ता विभागाचे प्रमुख झाले. खिडक्या बसल्या.

पण एक माणूस खरे बोलून वर जातो हे दिसल्यावर व्यवस्थापन गप्प कसे बसणार? 'निर्भीड मत' हा नवा प्रशिक्षणवर्ग निघाला. राजनंदिनी मॅडमच आल्या. त्या प्याला भरत आणि अधिकारी एका सुरात ओरडत, "नासलीय!" जो हळू ओरडे त्याची वृत्ती नकारात्मक ठरे. वर्गाचे प्रमुखपद अर्थातच भालचंद्रांकडे होते.

पुढच्या हिवाळ्यात मोरिशितासाहेब पुन्हा आले. या वेळी त्यांनी मामांच्या घरची बाटली बर्फात जपून आणली होती. त्यांनी स्वतःच्या हाताने सर्वांचे प्याले भरले.

"खराब है!" भसीनसाहेब घोट घेण्याआधीच म्हणाले.

"नासलीय!" बाकीचे गरजले.

मोरिशितासाहेबांनी भालचंद्रांकडे पाहिले. भालचंद्रांनी घोट घेतला. आयुष्यात प्रथमच ते खरी साके पीत होते. ती थंड होती, हलकी होती, आणि नुकत्याच उघडलेल्या भाताच्या वाफेसारखे काहीतरी तिच्यातून अलगद वर येत होते. त्यांना ती अतिशय आवडली. त्यांनी टेबलाभोवती पाहिले. आपण तयार केलेले सगळे निर्भीड चेहरे आपल्याकडेच बघत आहेत, हे त्यांना दिसले.

"नासलीय," ते म्हणाले.

मोरिशितासाहेबांनी आपला प्याला हुंगला. आणखी एक घोट घेतला. मग आणखी एक. हळूहळू त्यांचा चेहरा पडला. "प्रवासात बिघडली असावी," ते पुटपुटले आणि वाकून त्यांनी सर्वांची क्षमा मागितली.

संध्याकाळी सुमित्राबाईंनी विचारले, "कशी होती हो खरी साके?"

"फार छान होती."

"मग तसं सांगितलंत ना?"

"सगळेच नासली म्हणत होते, गं."

सुमित्राबाई इतक्या हसल्या की त्यांना ओट्याला धरावे लागले. वाचकहो, तुम्हीही हसला असाल. हसलात ते उत्तमच झाले. फक्त एवढेच विचारायचे होते, की सुमित्राबाई आधी हसल्या नसत्या, तर हसण्यापूर्वी शेजारच्याकडे एकदा पाहिले असतेत की नाही?