टाकीला कोणीही हात लावू नये

पाण्याच्या बाबतीत आमच्या घरात माझाच शब्द चालतो. बाकी कशात चालत नाही, हे मी मोठ्या मनाने मान्य करतो. पडदे कुठल्या रंगाचे, टीव्हीवर काय लावायचं, मी कुठला शर्ट घालून बाहेर पडायचं, यांतलं काहीच मला विचारून ठरत नाही. पण नळ? नळ हा माझा प्रांत! दात घासताना कुणी नळ चालू ठेवला, तर मी दिवाणखान्यात पेपर वाचता वाचता ओरडतो, "नळ!" आणि आतून नळ बंद होतो. असा दरारा आहे!

तर गेल्या खेपेला पाण्याचं बिल जरा वाढून आलं. त्याच सुमारास सासूबाई गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आमच्याकडे राहायला आल्या होत्या. बिल हातात घेऊन मी सहज, अगदी सहज म्हणालो, "माणूस वाढलं की बिल वाढणारच."

सासूबाई समोरच बसून वाटाणे सोलत होत्या. त्यांचा हात थांबला. बायकोचाही हात थांबला, आणि तिच्या हातात सुरी होती.

दुसऱ्या दिवसापासून सासूबाई अर्ध्या बादलीत आंघोळ करू लागल्या. बायकोने मला स्वयंपाकघरात गाठलं आणि हळू आवाजात बजावलं, "आई या पाण्यापायी घर सोडून गेली ना, तर बघा. ती पुन्हा यायची नाही. तिचा स्वभाव मला माहीत आहे." बायको ओरडते तेव्हा मी घाबरत नाही. हळू बोलते तेव्हा घाबरतो.

शिवाय खरं सांगू? सासूबाई मलाही हव्या होत्या. या घरात माझ्या विनोदांना हसणारं तेवढं एकच माणूस आहे!

म्हणून मी रात्रीच्या जेवणाला जाहीर करून टाकलं, "आई, तुम्ही पूर्ण बादली घ्या. दोन घ्या! कुणी काही काटकसर करायची नाही. पुढचं बिल मी एकटा निम्म्यावर आणून दाखवतो!"

उपाय माझ्याकडे तयार होता. प्लास्टिकच्या बाटलीत खडी भरायची, झाकण घट्ट लावायचं आणि ती संडासातल्या फ्लशच्या टाकीत उभी करायची. बाटली जेवढी जागा अडवते, तेवढं पाणी प्रत्येक फ्लशला वाचतं. साधं गणित! रविवारी सकाळी मी सगळ्यांना मागच्या संडासासमोर उभं करून समारंभपूर्वक बाटली आत ठेवली.

"आडवी पडणार नाही ना ती?" बायकोने विचारलं.

"मी ठेवलीय!" मी म्हणालो. विषय संपला.

पण घरात नसते उद्योग करणाऱ्यांचा भरवसा नसतो. म्हणून पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत पाटी लिहून टाकीवर चिकटवली : 'पाणीबचतीचा प्रयोग सुरू आहे. टाकीला कोणीही हात लावू नये.' सासूबाईंनी चष्मा लावून ती पाटी दोनदा वाचली आणि म्हणाल्या, "जावईबापूंचं डोकं म्हणजे काय विचारता!" मी आठवडाभर हवेत होतो.

मग मी ती बाटली विसरून गेलो. मागचा संडास फक्त सासूबाई वापरतात. मी तिकडे कशाला जातोय!

मीटर वाचायला माणूस येण्याचे दिवस जवळ आले, तसा मी एका सकाळी जिन्याखाली गेलो. म्हटलं, आपला विजय आपण आधी डोळे भरून पाहावा. घरातले सगळे नळ बंद आहेत, याची खात्री करून घेतली होती. मीटरचं झाकण उघडलं, आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. घरातलं तर कधीच पळालं होतं!

मीटरमधलं ते छोटं लाल चाक गरगर फिरत होतं. नळ बंद, माणसं बसलेली, आणि चाक पंख्यासारखं फिरतंय! आकड्यांकडे पाहिलं. एवढं पाणी आम्ही लग्न झाल्यापासून वापरलं नसेल.

धावत वर आलो. मोरी पाहिली, बेसिन पाहिलं, वॉशिंग मशीनच्या मागे डोकं घातलं. शेवटी मागच्या संडासात गेलो आणि कान दिला. झुळझुळ... झुळझुळ... एखाद्या सहलीच्या ठिकाणी आल्यासारखं वाटत होतं!

टाकीचं झाकण उचललं. बाटली आडवी पडली होती. नुसती पडली नव्हती, तर तरंगत्या चेंडूच्या दांड्यावर ऐसपैस बसली होती. चेंडू वर येत नव्हता, त्यामुळे टाकीतला नळ बंद होत नव्हता, आणि जास्तीचं पाणी आतल्या नळीतून गुपचूप भांड्यात वाहून जात होतं. कधीपासून? बाटलीवर शेवाळ धरलं होतं! म्हणजे जवळजवळ समारंभाच्या दिवसापासूनच!

मी बाटली काढली, वरवर पुसली आणि ऑफिसच्या बॅगेत लपवली. चाक थांबलं, पण माझं काळीज थांबेना. असलं बिल घरात आलं की सासूबाईंना काय वाटणार? 'माणूस वाढलं की बिल वाढणारच!' माझंच वाक्य! त्या एक शब्द न बोलता बॅग भरतील. सरळ कबूल करावं, तर माझा एकुलता एक प्रांत हातचा जातो. आणि बायको उरलेल्या आयुष्यात मला टाकीची गोष्ट ऐकवणार, तीही पाहुण्यांसमोर.

मी मधला मार्ग काढला. मीटरवाला येईपर्यंत घरात पाणीच वापरायचं नाही! जेवढा आकडा आवरेल तेवढा आवरायचा. आता तुम्ही म्हणाल, समुद्र सांडल्यावर चमच्याने काय भरणार? तेव्हा मला हे सांगायला तुम्ही नव्हता ना!

आमच्या ऑफिसातला कॅशियर ऑफिसजवळच एकटा राहतो. त्याला म्हटलं, "बाबा रे, आमच्याकडे नळाचं काम निघालंय. सकाळची आंघोळ तुझ्याकडे करू का?"

"करा की! कपडेही आणा धुवायला," तो म्हणाला. माणूस दिलदार. फक्त त्याचा साबण गुलाबाच्या वासाचा. साधासुधा गुलाब नव्हे, लग्नाच्या हॉलमधला गुलाब!

मी पहाटेच्या पारोशा अवतारात घरून निघू लागलो आणि संध्याकाळी दरवळत परत येऊ लागलो. बरोबर कपड्यांची पिशवी. घरात माझी देखरेख चालूच होती.

"भांडी आत्ता घासू नकोस, उद्या एकदम घासू," मी बायकोला म्हणे.

"फरशी पुसायची काय गरज? स्वच्छच आहे!"

आणि एकदा, कुठल्या मुहूर्तावर कोण जाणे, सासूबाई टॉवेल घेऊन न्हाणीघराकडे निघाल्या असताना माझ्या तोंडून निसटलं, "आई, आज आंघोळ राहू द्या की. हवा किती गार आहे!"

सासूबाई थबकल्या. टॉवेलची घडी घातली आणि खोलीत परत गेल्या. त्या दिवशी त्या माझ्या विनोदाला हसल्या नाहीत. चांगला विनोद होता!

इकडे बायकोने बोलणं कमी केलं होतं. मी आलो की जवळ यायची, दीर्घ श्वास घ्यायची आणि लांब जायची. मला वाटलं, योगासनं करतेय.

शनिवारी सकाळी मी कपड्यांची पिशवी घेऊन दाराशी पोचलो, तर ती दारात उभी.

"कुठे चाललात?"

"ऑफिसला. थोडं काम राहिलंय."

"शनिवारी? आंघोळ न करता? कपडे घेऊन?" आवाज हळू. अगदी हळू! "रोज पारोसे जाता आणि गुलाबाच्या वासाने परत येता. तो साबण आपला नाही. मळलेले कपडे नेता आणि धुऊन घडी घातलेले आणता! कोण धुतं ते? कुठेतरी पाणी मुरतंय!"

'पाणी' म्हटल्याबरोबर माझ्या हातून पिशवी गळून पडली. झालं! तिला वाटलं, पकडला गेला.

"अगं, तो कॅशियर..."

"कॅशियर? नाव तरी सांगा तिचं!"

"ती नाही गं, तो! त्याला मिशा आहेत!"

एवढ्यात मागे चाकांचा आवाज झाला. वळून पाहतो तो सासूबाई! अंगावर बाहेर जायची साडी, एका हातात काठी, दुसऱ्या हातात चाकांची बॅग. डोळे कोरडे, पण नाक लाल.

"तुम्ही भांडू नका," त्या म्हणाल्या. "मी आल्यापासूनच हे सुरू झालंय. जावईबापूंना स्वतःच्या घरात आंघोळ करता येत नाही, माझ्यामुळे. मला काय कळत नाही? मी निघते. टॅक्सी बोलावलीय."

"आई!" बायको किंचाळली.

"आई!" मीही किंचाळलो.

आणि दारावरची बेल वाजली. टॅक्सी असती तर परवडलं असतं. दारात मीटरवाला उभा होता! त्याच्या भुवया पार केसांपर्यंत गेल्या होत्या.

"साहेब, आत्ता खाली आकडा घेतला. तीनदा घेतला, विश्वास बसेना." तो आत डोकावला. "घरात पोहायचा तलाव बांधलात का हो?"

कुणी हसलं नाही.

"नाही म्हणजे, गेल्या खेपेच्या मानाने भयंकरच आहे. घरात कुणी पाहुणेबिहुणे राहायला आलेत का?"

माणसाने विचारायला हाच प्रश्न शोधावा! सासूबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्या म्हणाल्या, "मी आलेय. पण मी आता चाललेच आहे, भाऊ. पुढच्या वेळी बिल नाही येणार एवढं."

अर्ध्या बादलीत आंघोळ करणारी बाई, आणि माझ्या बाटलीचं पाप तिच्या डोक्यावर! खड्ड्यात गेला प्रांत!

"त्या नाहीत!" मी ओरडलो. "मी! सगळं पाणी मी घालवलं! माझ्या बाटलीने!"

मीटरवाल्याने माझ्याकडे संशयाने पाहिलं. 'बाटली' म्हटल्यावर त्याचा वेगळाच समज झाला असावा, कारण तो एक पायरी मागे सरकला. मग मी ऑफिसच्या बॅगेतून ती शेवाळलेली बाटली काढून सगळ्यांसमोर धरली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. टाकी, चेंडू, दांडा, झुळझुळ, कॅशियर, गुलाब. कॅशियरच्या मिशांपर्यंत सगळं!

बायको भिंतीला टेकून खाली बसली. हसतेय की रडतेय, ते कळेना.

सासूबाई मात्र बाटलीकडे टक लावून पाहत होत्या. सावकाश म्हणाल्या, "म्हणजे ते पाणी वाहायला नको होतं?"

"म्हणजे?"

"अहो, मी रोज ऐकत होते की! पहिल्या दिवसापासून. रात्रंदिवस झुळझुळ, झुळझुळ. मला झोप लागेना. हिला म्हटलंसुद्धा."

बायकोने मान डोलावली. "मीही ऐकलं होतं. पण आईच म्हणाली, त्यांचा प्रयोग आहे, मध्ये पडू नकोस."

"मग मला सांगितलं का नाही कुणी?" मी केविलवाण्या आवाजात विचारलं.

"जावईबापू," सासूबाई अत्यंत आदराने म्हणाल्या, "पाटी होती ना!"

आधी मीटरवाला हसत सुटला. मग बायको. मग सासूबाई इतक्या हसल्या, की त्यांना बॅगेवरच बसावं लागलं. माझ्या विनोदांना त्या हसतात ते निव्वळ सौजन्य असतं, हे मला त्या दिवशी समजलं. खरं हसणं हे असं असतं तर!

टॅक्सी रिकामी परत गेली. सासूबाई राहिल्या. बिल यथावकाश आलं. आकडा इथे लिहीत नाही, अजून नीट वाचवत नाही. या वर्षीची सहल रद्द झाली, एवढंच सांगतो. सासूबाई आता आंघोळीला पूर्ण बादली घेतात आणि दिवाणखान्यात पेपर वाचता वाचता "नळ!" असं ओरडतात. मी आतून निमूटपणे बंद करतो.

टाकीवरची ती पाटी मी फाडून टाकायला गेलो होतो. पण तिच्यावर आधीच कुणाचा तरी हात फिरला होता. 'कोणीही' या शब्दावर काट मारून, वर नीटस, वळणदार अक्षरांत, मान राखून लिहिलं होतं : 'जावईबापूंनी'.