मोटारीच्या किमतीचा आवाज

आस्गर लिंडगोरचं ठाम मत होतं की देवाने कान सगळ्यांना दिले, पण ऐकायला मात्र फार थोड्यांना शिकवलं. त्या थोड्यांत आपला नंबर कितवा, हे तो विनयाने सांगत नसे. बाकी सगळं सांगत असे. गाणाऱ्या बाईने रेकॉर्डिंगच्या आधी खोकल्याची गोळी चघळली होती की नव्हती, हे म्हणे त्याला ऐकू येई. एकदा तर त्याने पाहुण्यांना सांगितलं, की या तबकडीवर व्हायोलिन वाजवणाऱ्याच्या खुर्चीचा एक पाय आखूड आहे. पाहुणे बिचारे अजून व्हायोलिनच शोधत होते.

डेन्मार्कातल्या लिमफियोर्डच्या काठी, त्या छोट्याशा गावात आस्गर जमीनमोजणीच्या कचेरीत होता. मोजणी करताना तो कुणाला बोटभर जमीन जास्त देत नसे, आणि संगीताची गोष्ट निघाली की कुणाला कान असल्याचंही कबूल करत नसे. बायको सोल्वाय. तिचा रेडिओ स्वयंपाकघरातल्या खिडकीत असायचा, पिठाच्या हातांनी लावून लावून त्याचं बटण पांढरं झालेलं. बातम्या, हवामान, नाचाची गाणी, सगळं ती त्यावरच ऐकायची आणि वर गुणगुणायचीही. रेडिओ लागला की आस्गर दाढ ठणकावी तसा गाल धरून खोलीबाहेर जाई. 'गाढवाला गुळाची चव काय' असं तो तोंडाने कधी म्हणाला नाही, पण दार ओढून घेण्याच्या त्याच्या पद्धतीत ते सगळं यायचं.

तर हा गृहस्थ वसंतात ऑर्हूसच्या एका दुकानात 'नुसता बघायला' म्हणून गेला आणि येताना एक ॲम्प्लिफायर आणि माणसाच्या उंचीचे दोन स्पीकर घेऊन आला. विकत नव्हे हं, घरी लावून बघायला. पसंत पडलं तर ठरलेल्या सोमवारी पैसे भरायचे, नाहीतर परत. पैसे किती? सोल्वायच्या हिशेबाने तेवढ्यात एक छोटी मोटार आली असती, आणि मोटारीत रेडिओ फुकट मिळाला असता.

पैसे घरात होते. पण ते ग्रीनलंडचे होते. सोल्वायचे वडील तिकडे तारखात्यात होते आणि शाळेत जाऊ लागेपर्यंत ती तिथेच वाढली होती. लग्नाला पंचवीस वर्षं झाली की दोघांनी ते घर बघायला जायचं, असं कधीचं ठरलेलं. ती पंचवीस वर्षं नेमकी त्या सोमवारच्या आधीच्या शनिवारी पुरी होत होती.

"ग्रीनलंड काय कुठे पळून जातंय?" आस्गर म्हणाला.

"वितळतंय," सोल्वाय म्हणाली.

आस्गरने लगेच भाषण सुरू केलं. महाग आवाज आणि स्वस्त आवाज यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. स्वस्तात सूर ऐकू येतो, महागात माणूस ऐकू येतो. असं यंत्र घेणं हा खर्चच नव्हे. सोल्वाय बटाटे सोलत शांतपणे ऐकत होती. मग तिने सांगितलं, की फरक एवढा मोठा असेल तर तो डोळे मिटूनही कळायला हवा. तुला तो कळला तर यंत्र राहू दे, मी पुन्हा ग्रीनलंडचं नाव काढणार नाही. नाही कळला तर सोमवारी यंत्र दुकानात आणि जूनमध्ये आपण विमानात. हे बोलताना तिचा आवाज जरासा कापला. एवढ्या बारीक कानाचा माणूस, पण ते काही त्याला ऐकू आलं नाही.

"मंजूर," आस्गर म्हणाला. "कधीही परीक्षा घे. न सांगता घे. झोपेतून उठवून घे."

उचलली जीभ लावली टाळ्याला!

आता त्या गावात लग्नाची पंचवीस वर्षं ही नवरा-बायकोची खासगी बाब नसते. आदल्या संध्याकाळी शेजारी येऊन दाराभोवती हिरव्या फांद्यांची कमान बांधतात, आणि आतल्या जोडप्याने काही दिसत नसल्याचं सोंग करायचं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी गल्ली बँड घेऊन दारात गायला येते. जोडप्याने दचकून उठल्यासारखं खिडकीत यायचं आणि मग सगळ्यांना आत घेऊन पाव, चीज, कॉफी आणि कडू दारूचा एकेक घोट द्यायचा. शुक्रवारी कमान बांधून झाली. बांधणाऱ्यांचा म्होरक्या शेजारचा एस्किल, गावच्या हौशी बँडमधला ट्रंपेटवाला. उद्या सात वाजता, असं तो जाताना कुंपणावरून सांगून गेला.

शनिवारी आस्गरला जाग आली तीच ट्रंपेटने. घड्याळात साडेसहा. त्या गावात शेजारी वेळेच्या आधी येणं शक्यच नव्हतं. तिथली माणसं पाच मिनिटं लवकर पोचली तर कोपऱ्यावर गाडीत बसून राहतात. आस्गरने कूस बदलली, तर सोल्वायची जागा रिकामी. त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. परीक्षा!

खरी गोष्ट एवढीच होती, की बँडला आठ वाजता पलीकडच्या गावात आणखी एका जोडप्यासाठी वाजवायचं होतं. लवकर येतो, असा फोन आदल्या संध्याकाळी सोल्वायला आला होता. आस्गर तेव्हा दोन स्पीकरांच्या मधोमध समाधी लावून बसला होता. तशा वेळी त्याला घर पेटल्याचं सांगूनही उपयोग होत नसे. ती सकाळी उठून पाव भट्टीत घालायला खाली गेली होती.

आस्गर माणूस प्रामाणिक. परीक्षेत बघून लिहिल्याचा आरोप नको, म्हणून त्याने डोळे घट्ट मिटले, पडदा न सारता त्याच्यामागे हात घालून चाचपडत खिडकी ढकलली आणि मोठ्याने निकाल सांगितला.

"सोल्वाय, बंद कर तो डबा. कळलं मला, रेडिओ बागेत नेलायस. ट्रंपेट गटाराच्या पायपातून आल्यासारखा वाजतोय. बायका सगळ्या एका फळीवर उभ्या केल्यासारख्या सपाट गातायत. तो ढोल नव्हे, बुटांचं खोकं आहे. आणि ती कोण म्हातारी, जी सगळ्यांच्या मागून ओळ संपवते? रेकॉर्ड करणाऱ्याने तिला घरी पाठवायला हवं होतं."

बायका थांबल्या, ट्रंपेट थांबला, ढोल आणखी एकदा वाजून थांबला. जिंकल्याच्या आनंदात आस्गर पायजम्यावरच जिना उतरला आणि त्याने मुख्य दार सताड उघडलं.

"मग? यंत्र ठेवायचं ना?"

कमानीखाली सगळी गल्ली उभी होती, हातात कागदी झेंडे धरून. सगळ्यांत पुढे एस्किल, ट्रंपेट गुडघ्यापाशी नेलेला. ढोलवाला आपल्या ढोलाकडे नव्याने बघत होता. नव्वदीला टेकलेल्या गुद्रुनआजी काठीवर जरा पुढे वाकल्या.

"मी जाऊ का मग घरी?" त्यांनी विचारलं.

आस्गरला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. पण तिकडची जमीन वाळूची, दुभंगत नाही. सोल्वायने मागून येऊन सगळ्यांना आत घेतलं. त्या गावात कुणी तोंडावर रागावत नाही. लोक आत येतात, पाव खातात, चीजचं कौतुक करतात आणि तुमच्याकडे बघत नाहीत. त्यापेक्षा चार शिव्या बऱ्या.

दुसरा कुणी असता तर त्याने त्या दिवसापुरता कानाला खडा लावला असता. आस्गरने गुद्रुनआजींची मनापासून माफी मागितली, त्यांच्या पेल्यात दुसरा घोट ओतला आणि मग बाकीच्यांना समजावायला घेतलं की खरं पाहता आपण चुकलोच नव्हतो. हा आवाज त्या यंत्राचा नाही, एवढंच आपण ओळखलं, आणि तो नव्हताच! खरा ट्रंपेट खऱ्या बागेत असाच वाजणार, त्याला ट्रंपेटचा किंवा बागेचा इलाज नाही. यंत्र त्याहून सरस वाजतं, म्हणून तर ते महाग.

एस्किलने हातातला पाव बशीत ठेवला. "म्हणजे माझ्यापेक्षा माझं रेकॉर्डिंग बरं?"

"चांगल्या यंत्रावर, हो."

"मग लाव."

बँडने आपल्या वर्धापनदिनाला एक तबकडी काढली होती, आणि तिच्यात हेच सकाळचं गाणं एस्किलने एकट्याने वाजवलं होतं. ती त्याने आस्गरला मागच्या नाताळात स्वतःच्या हाताने आणून दिली होती. आस्गरने ती फळीवरून काढली तेव्हा तिचं प्लास्टिकही फोडलेलं नव्हतं. एस्किलने ते पाहिलं आणि नुसती मिशी ओढली.

सोल्वायने हात पुसले. ती म्हणाली, की आता हीच परीक्षा, सोमवारचं काय ते आत्ताच ठरू दे. आवाज जिथे नेमका जुळतो तिथे जमिनीवर चिकटपट्टीने खुणा करून ठेवलेली आस्गरची खुर्ची होती. तिच्यात तिने त्याला बसवलं आणि डोळ्यांवर भांडी पुसायचं फडकं घट्ट बांधलं. ठरलं असं, की गाणं दोनदा वाजेल. एकदा यंत्रातून, एकदा स्पीकरांच्या मधे उभा राहून एस्किल वाजवेल. आधी कोण, ते खोलीतली माणसं ठरवतील. सगळी गल्ली कप हातात धरून श्वास रोखून उभी राहिली.

पहिल्यांदा वाजलं तेव्हा आस्गरने पाहुण्याला द्यावं तसं सभ्य हसू दिलं. दुसऱ्यांदा सुरू झालं आणि तो खुर्चीत ताठ झाला. सूर जिथे वर चढतो तिथे त्याच्या अंगावर काटा आला, आणि शेवटच्या ओळीला तर तो खुर्चीच्या अगदी कडेवर आला.

"पहिला एस्किल," मग तो म्हणाला. "वाईट नाही, पण कपाटात उभा राहून वाजवल्यासारखं. दुसरं यंत्र. यात काही शंकाच नाही. ऐकलंत ना? वर चढायच्या आधी तो माणूस श्वास घेतो, जरा घाबरतो, आणि तरी चढतो. मला त्याच्या मिशा दिसल्या. इतका सुंदर ट्रंपेट मी जन्मात ऐकला नाही. पैसे पडतात ते यालाच!"

कुणाचा तरी कप बशीत अगदी हळू ठेवला गेला. आस्गरने फडकं वर सरकवलं. स्पीकरांच्या मधे ट्रंपेट छातीशी धरून एस्किल उभा होता, मिशा ओल्या, नजर गालिच्यावर.

"घाबरलो होतो खरा," तो म्हणाला.

तो पुढे आला आणि त्याने आस्गरचा हात धरला. त्या मुलुखात 'बरं होतं' म्हणजे भारीतली भारी स्तुती. इतक्या वर्षांत आस्गरकडून त्याला तेवढीही मिळाली नव्हती. हात काही तो सोडेना. बाहेर बँडवाले गाडीचा भोंगा वाजवू लागले तरी सोडेना.

आस्गर कात्रीत सापडला. चुकलो म्हणावं, तर या माणसाची स्तुती परत घेतल्यासारखं होणार. ती स्तुती एस्किलचीच म्हणावं, तर यंत्र गेलं. त्याने सोल्वायकडे पाहिलं. ती हसत नव्हती. कॉफीची किटली दोन्ही हातांनी घट्ट धरून, लहान पोरीसारखी त्याच्या तोंडाकडे बघत उभी होती. हिला तिकडे किती जायचं होतं, हे आस्गरला तेव्हा प्रथम कळलं आणि स्वतःची फार लाज वाटली.

"यंत्र सोमवारी जाईल," तो म्हणाला. मग घसा साफ करून त्याने सगळ्यांकडे पाहिलं. "पण नोंद घ्या, कान माझे बरोबर होते. चांगलं काय ते मी लगेच ओळखलं. फक्त पत्ता चुकला."

जूनमध्ये ती दोघं ग्रीनलंडमधल्या इलुलिसाटच्या खडकावर बसली होती. तारखात्याचं घर सापडलं होतं, रंग बदललेला, पण जिना तोच. समोर खाडीभर बर्फाचे डोंगर. त्यातल्या एकाचा कडा सुटला, आधी चाबकासारखा कडाका झाला आणि मागून एक मोठा गडगडाट पाण्यावरून त्यांच्याकडे येत राहिला. सोल्वायच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. तिचं लहानपण त्याच आवाजात गेलं होतं. तिने आस्गरचा हात धरला. तो डोळे मिटून बसला होता, इतका वेळ गप्प, की तिला वाटलं, भरून पावले.

"सोल्वाय," अखेर तो हलक्या आवाजात म्हणाला, "डावी बाजू अप्रतिम. उजवीकडून मात्र आवाज जरा दबलेला येतोय."

सोल्वायने पाण्यावरची नजर न काढता हात लांब केला आणि त्याच्या टोपीची उजव्या कानावर आलेली पट्टी वर सारली.