कालिंदीताईंचा चेहरा चालत नाही

"हसा, कालिंदीताई. जरा हसा. तुमचा चेहरा कायम रागावलेला असतो, म्हणून मशीन ओळखत नसेल."

विक्रांतने हे फोनवरून सांगितलं आणि शिपाई राजारामने टेबलावरचा चहाचा ग्लास मुकाट्याने उचलून खिडकीत नेऊन ठेवला. फोन स्पीकरवर होता. कालिंदीताईंच्या हाताशी फेकण्यासारखं काही असू नये, एवढं त्याला अनुभवाने कळत होतं.

"विक्रांतसाहेब," कालिंदीताई दात आवळून म्हणाल्या, "मशीनसमोर हसायला मी इथे नोकरीला लागलेले नाही."

"मग बघा बाबा. बाराला कमिटी बसतेय."

फोन बंद.

ठाकूरद्वारच्या एका ज्ञातीच्या ट्रस्टकडे एक हॉल आहे. लग्न, मुंज, साठीशांत, तेरावं, सगळं त्याच हॉलमध्ये. फक्त खुर्च्यांची मांडणी बदलते. त्या हॉलचं बुकिंग कालिंदीताई तीस वर्षं सांभाळत होत्या. आधी टाइपरायटर, मग काँप्युटर, मग दुसरा काँप्युटर. शिकवायला कधी कोणी आलं नाही. आता महिनाअखेरीला त्या निवृत्त होणार होत्या आणि त्यांना दोन वर्षांची मुदतवाढ हवी होती. मुलगी मनवा नर्सिंगच्या मधल्या वर्षाला होती. तिचं पुरं होईपर्यंत पगार चालू राहायला हवा होता. मागणी एवढीच.

पण मध्येच विक्रांत सेक्रेटरी झाला. ट्रस्टचे अध्यक्ष श्यामकांत यांचा हा मुलगा. त्याने आल्याआल्या जाहीर केलं, "विंडोज टेनचा सपोर्ट संपतोय."

"संपू दे की. मशीन चालतंय ना?" कालिंदीताई म्हणाल्या.

"चालतंय, पण सपोर्ट नाही. रिस्क आहे. नवीन सिस्टिम या जुन्या डब्यावर चढत नाही. डबाच बदलावा लागेल."

सपोर्ट संपला म्हणजे काय, तर वस्तू चालू आहे, पण ती चालू असण्याची जबाबदारी आता कोणी घेणार नाही. अर्धं गिरगाव याच तत्त्वावर उभं आहे. पावसाळ्याआधी पालिकेची नोटीस येते, लोक ती वाचतात, घडी घालतात आणि गॅलरीत कपडे वाळत घालतात. पण हे विक्रांतला सांगणार कोण? तो वरळीच्या टॉवरमध्ये एकतिसाव्या मजल्यावर राहतो. तिथे कपडे वाळत घालायला बंदी आहे.

नवी वस्तू दसऱ्यालाच घ्यायची, हे मात्र त्या टॉवरमध्येही पाळतात. काल दसरा होता. सकाळी नवं मशीन आलं, दुपारी जुनं भंगारात गेलं. विकणाऱ्याचा माणूस शंतनु सगळं बुकिंग नव्यावर उतरवून, उरलेलं विक्रांतला समजावून पुढच्या ऑर्डरवर पळाला. विक्रांतने ते उरलेलं स्वतः केलं, मशीनला झेंडूचा हार घातला, यथासांग पूजा केली, मशीनसोबत फोटो काढला आणि ज्ञातीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'नव्या युगाचा शुभारंभ'. त्याला एकशे चार अंगठे आले.

कालिंदीताईंना त्याने जाताना सांगितलं, "उद्या कमिटीसमोर नव्या मशीनवर डिसेंबरपर्यंतचं बुकिंग काढून दाखवा. जमलं तर मुदतवाढ. नाही जमलं तर... ताई, अपग्रेड काय, सगळ्यांनाच व्हावं लागतं."

"आणि उघडायचं कसं?"

"काही करायचं नाही. समोर बसायचं. चेहऱ्याने उघडतं."

तर आता त्या समोर बसल्या होत्या. सकाळपासून बसल्या होत्या.

"ह्यां तुमका वळखणा नाय म्हणता, ताईनु," राजारामने पडद्यावरचं वाचून सांगितलं. तो लालबागचा. मशीनबद्दलही तो एखाद्या भांडलेल्या भाऊबंदाबद्दल बोलावं तसा बोलत होता.

"मला दिसतंय."

"चष्मो काढून बघा."

कालिंदीताईंनी चष्मा काढला. मशीनने ओळखलं नाही, आणि मशीन काय म्हणतंय तेही त्यांना दिसेना. चष्मा परत घातला. ट्यूब लावली. ट्यूब बंद करून खिडकी उघडली. राजारामने मोबाइलचा टॉर्च त्यांच्या तोंडावर धरला.

"चोर पकडलायस का? खाली कर तो!"

तेवढ्यात नातवाच्या मुंजीची तारीख विचारायला राधाबाई आल्या. त्यांनी खुर्ची ओढून घेतली. मुंज राहिली बाजूला.

"टिकली मोठी लाव गं. आधार कार्डावर मी बिनटिकलीची आहे, बँकेतला पोरगा वर-खाली बघतो माझ्याकडे."

"राधाबाई, तारीख नंतर सांगते."

"अगं, तारीख कुठे पळतेय? केस मागे घे. कान दिसले पाहिजेत. पासपोर्टला कान लागतात."

कान दाखवून झाले. मग राजाराम बसला. त्याला ओळखलं नाही. राधाबाई बसल्या, पदर नीट करून, अगदी फोटोला बसावं तशा. त्यांनाही ओळखलं नाही.

"म्हणजे आपण तिघंही या जगात नाही," राधाबाई म्हणाल्या. "मेलं एवढं महागाचं, आणि माणूस ओळखत नाही!"

खाली पिन मागत होतं. कालिंदीताईंनी पुन्हा विक्रांतला फोन लावला.

"पिन कशाला?" तो चिडला. "एवढा कॅमेरा कशाला घेतलाय मग? पिन म्हणजे जुनी पद्धत. चेहऱ्यानेच उघडा. तेच तर शिकायचंय तुम्हाला. आणि हे बघा, जमत नसेल तर तसं मोकळेपणाने सांगा. कमिटी समजून घेईल."

'कमिटी समजून घेईल' हे वाक्य कालिंदीताईंनी तीस वर्षं ऐकलं होतं. कमिटी समजून घेते म्हणजे हार, नारळ आणि घड्याळ देते.

बारा वाजता विक्रांत आणि श्यामकांत आले. श्यामकांत ऐंशीचे, स्वच्छ धोतर, हातात काठी. बाकीचे दोन सभासद येऊन आधीच पंख्याखालच्या खुर्च्या धरून बसले होते.

"काय कालिंदी, निघालं का बुकिंग?" श्यामकांतांनी विचारलं.

"तुमचं मशीन मला ओळखत नाही, काका."

"ओळखेल कसं? सकाळपासून भांडताय त्याच्याशी," विक्रांत हसत म्हणाला. "उठा. बघा, किती सोपं आहे."

तो बसला. केसांवरून हात फिरवला. मशीनकडे बघून सौम्यपणे हसला.

मशीनने त्यालाही ओळखलं नाही.

तो जवळ गेला. लांब गेला. मान तिरकी केली. राधाबाई म्हणाल्या, "कान दाखव."

"एक मिनिट! एक मिनिट, सगळे गप्प बसा!" विक्रांतने शंतनुला फोन लावला. "अरे, डिफेक्टिव्ह पीस दिलायस तू! माझा चेहरा घेत नाहीये!"

"सर, पडद्याच्या वर मधोमध कॅमेरा आहे," शंतनुचा आवाज आला. "त्याच्यावर काही आहे का? स्टिकर, टेप?"

विक्रांत गोंधळून बघत राहिला. कालिंदीताई वाकल्या.

"कुंकू आहे," त्या म्हणाल्या.

"काय?"

"हळदकुंकू. वर दोन अक्षता चिकटल्यात."

"कुठे?"

"कपाळावर."

"तुमच्या?"

"मशीनच्या!"

 फोनवर शंतनुने खोकल्यासारखं केलं. पूजा करताना माणसाने कपाळ शोधावं आणि मशीनचं कपाळ म्हणजे नेमका डोळा निघावा! राजारामही सकाळपासून ते कुंकू बघत होता, पण पूजेचं म्हणून त्याने हार काढतानाही तिथे फडकं लागू दिलं नव्हतं.

कालिंदीताईंनी पदराने ते खसाखसा पुसलं.

मशीनने विक्रांतला लगेच ओळखलं. त्याला नावाने हाकसुद्धा मारली.

"झालं! हेच सांगत होतो मी," विक्रांत म्हणाला. हेच तो कधी सांगत होता, ते कोणी विचारलं नाही.

"मग काढ डिसेंबरचं बुकिंग," श्यामकांत म्हणाले.

विक्रांतने इकडे क्लिक केलं, तिकडे केलं. एकदा पंचांग उघडलं, एकदा हवामान. कालिंदीताई मिनिटभर बघत राहिल्या आणि मग त्यांनी त्याच्या हातातून माऊस काढून घेतला. तारखा, लग्नघरं, डिपॉझिटं, कोणाला मांडव हवा आणि कोणाला नको, सगळं सगळं पडद्यावर आलं. राधाबाईंना मुंजीची तारीखही मिळाली.

"आता माझा चेहरा घाला यात," कालिंदीताई म्हणाल्या.

शंतनु फोनवर होताच. "सर, काल फक्त तुमचाच चेहरा घातला असेल तुम्ही. दुसरा घालायला पिन लागेल. सेटअप करताना टाकला असेल तो."

विक्रांतने टेबलाचा खण उघडून बघितला.

"पासवर्ड असला तरी चालेल, सर."

विक्रांतने खण बंद केला.

"तुम्ही मला सकाळपासून चेहऱ्यानेच उघडा, चेहऱ्यानेच उघडा म्हणत होतात," कालिंदीताई म्हणाल्या आणि इथे त्यांचं 'तुम्ही' संपलं. "पिन विसरलास होय रे तू? ते माझ्यापासून लपवत होतास, आणि वर मला म्हणतोस हसा? तुझा शेंबूड मी पुसलाय याच ऑफिसात, तुझ्या मुंजीत! माझी नोकरी घालवायला निघाला होतास, स्वतःचं विसराळूपण झाकायला!"

"फोटो काढता काढता काहीतरी टाकलं होतं..." विक्रांत पुटपुटला.

"मग दिवाळीनंतर येतो मी," शंतनु म्हणाला. "सगळं पुसून नव्याने टाकू. आता एकसुद्धा दिवस मोकळा नाही, दसऱ्याच्या डिलिव्हऱ्या पडल्यात. तोवर सर रोज उघडून देतील."

श्यामकांतांनी काठी जमिनीवर टेकली. "ऑफिस किती वाजता उघडतं, कालिंदी?"

"साडेनऊला."

"विक्रांत साडेनऊला येईल."

"बाबा!"

"आणि ठराव लिहा. कालिंदीला दोन वर्षं."

"आत्ता लिहा, काका," कालिंदीताई म्हणाल्या. "सही करूनच उठा."

सोमवारी साडेनऊला विक्रांत आला, मशीनला तोंड दाखवलं आणि किल्ली फिरवत निघाला.

"कुठे?" कालिंदीताईंनी मान वर न करता विचारलं.

"उघडलं ना? आता जातो."

"दहा मिनिटं हात लागला नाही की ते झोपतं. मग परत तुझाच चेहरा लागतो. मी काय दिवसभर त्याला थोपटत बसू?"

"मग?"

"मग बस. राजाराम, साहेबांना ते स्टूल दे."

विक्रांत स्टुलावर बसला. कालिंदीताई उठल्या, पर्स घेतली आणि चहाला निघाल्या. राग गेला नव्हता. तो दोन वर्षं पुरेल एवढा होता. नाक्यावरच्या हॉटेलात त्यांनी चहा मागवला, सावकाश प्यायला. फोन वाजत होता. पडद्यावर विक्रांतचं नाव होतं.

त्यांनी फोन उलटा ठेवला आणि पोऱ्याला म्हणाल्या, "अजून एक आण. आणि सोबत मस्कापाव."