धकाते काकांचा रविवार

धकाते काका पाहुण्याआधी पाहुण्याच्या कपड्याची ओळख करून घेतात.

माझ्या सासूबाई पहिल्यांदा नागपूरला आल्या, तेव्हा शेजारधर्म म्हणून काका-काकू भेटायला आले. काकांनी वाकून नमस्कार केला आणि वाकल्या वाकल्याच सासूबाईंच्या पदराचा काठ चिमटीत धरून खिडकीच्या उजेडात उलटवला.

"हातमागाची म्हणून घेतली असन ना? नकली हाय बाई. पॉवरलूम. हातमागाच्या काठाले टोचल्याची बारीक भोकं रायतेत. हे पाहा, एकही नाही."

रमाकाकूंनी कपाळावर हात मारला. सासूबाईंनी ती साडी नंतर कधी नेसलेली मी पाहिली नाही.

काकांचा तरी काय दोष? कामठीच्या विणकराच्या घरात जन्म, आणि सगळी नोकरी इतवारीतल्या एका हातमागाच्या दुकानात माल पारखण्यात गेलेली. रिटायर झाल्यावर पारखायला साड्या उरल्या नाहीत, म्हणून ते जगाकडे वळले. पनीर बोटांनी चोळून बघणार, तूप तळहातावर घेऊन हुंगणार, आंबेवाल्याला पेटीतला सगळ्यात खालचा आंबा काढायला लावणार. "नकली हाय, नकली!" ही त्यांची आरोळी नंदनवनच्या आमच्या गल्लीत भाजीवाल्याच्या आरोळीआधी ऐकू यायची.

म्हणून त्या दिवशी त्यांनी कुणाचं तरी कौतुक करत मला हाक मारली तेव्हा मी चकितच झाले. मी एका कॉलेजच्या कम्प्युटर लॅबमध्ये काम करते. काकांचा मुलगा पुण्याला जाताना आपला जुना कम्प्युटर त्यांना देऊन गेला होता, आणि काका त्यावर पेपर वाचत.

"वैशाली, लवकर ये वं! पाहा, किती इमानदार गडी भेटला!"

पडद्यावर भलीमोठी लाल पाटी लुकलुकत होती. खाली मराठीत लिहिलं होतं, 'तुमचा संगणक हेर शिरली आहेत. त्वरित साफ करतो दाबा.'

"मले सावध करून राहिला बिचारा," काका म्हणाले. "आतमधी हेर शिरले म्हणते. फक्त कार्डाचा नंबर मागून राहिला."

"काका, याला कम्प्युटरमध्ये कोणी बसवलं?"

"कोणी नाही. आपोआप आला."

"आपोआप घरात शिरला आणि म्हणतो मी चौकीदार?"

काकांनी माऊसवरचा हात काढून घेतला.

मी इंटरनेटची वायर काढली आणि त्यालाच पुन्हा तपासायला लावलं. सगळा कम्प्युटर पिंजून काढायला खऱ्या प्रोग्रामला तासभर लागतो. याची तपासणी काकूंचा चहा गाळून व्हायच्या आत संपली. मघाशी हेर तीसेक होते, आता शंभरावर गेले. पुन्हा तपासलं, तर ऐंशी. पाटी बंद करायला गेलं की दुसरी उघडायची. आणि मराठीचं तर विचारूच नका.

"हा हेर पकडणारा अँटीस्पायवेअर नाही, काका. हाच चोर आहे. घाबरवायचं, आणि मग कार्डाचा नंबर काढून घ्यायचा."

काका हळूच म्हणाले, "म्हणजे नकली होता. अन् त्याले चहा पाजाचाच बाकी होता."

मी कम्प्युटर सेफ मोडमध्ये सुरू केला, म्हणजे अशा आगंतुकांना सोबत उठता येत नाही. प्रोग्रामच्या यादीतून त्याला हाकललं, सुरुवातीला आपोआप चालू होणाऱ्यांमधून त्याचं नाव काढलं, ब्राउझरमध्ये एका वेबसाइटला पाट्या पाठवायची परवानगी दिलेली होती तीही बंद केली, आणि शेवटी खऱ्या प्रोग्रामने सगळं झाडून घेतलं. काका प्रत्येक पायरीला "हं" म्हणत होते. काकू सांगत होत्या, त्या दिवशी ते जेवताना वरणाची चवही न पारखता जेवले.

पण त्यानंतर आंबेवाले सुटले. काकांना नवा शत्रू मिळाला. गल्लीत कुणाच्या कम्प्युटरवर लाल पाटी दिसली की काका हजर. "हात नोको लावू! पहिले वायर काढ!" निम्म्या वेळा ती पाटी म्हणजे साधी जाहिरात असे, पण वायर निघायचीच.

एका रविवारी सकाळी काकू आमच्या दारात आल्या. कामठीहून त्यांना फोन आला होता. काकांचे मोठे भाऊ शंकरदादा तिथे एकटेच राहतात. त्यांच्या कम्प्युटरवर तीच लाल पाटी आली होती.

दोन्ही भावांचं कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. शंकरदादांच्या मुलीच्या लग्नाच्या पत्रिकेत काकांचं नाव चुलत जावयांच्याही खाली छापलं होतं, म्हणून.

"मी काहून जाऊ?" मागोमाग आलेले काका कडाडले. "जावयायले बोलवा म्हणा!" आणि शर्टाची बटणं लावत मला म्हणाले, "चाल वं, तू पण. मले एकट्याले जमन का नाही."

शंकरदादा ओसरीत बसले होते. मागच्या गल्लीतून पॉवरलूमची खटखट येत होती. दोघांनी एकमेकांकडे पाहिलंच नाही.

"बाई, त्याले विचारा, चहा घेते काय," शंकरदादा मला म्हणाले.

"वैशाली, त्यायले सांग, पहिले वायर काढा लागते," काका म्हणाले.

असं मला मधे उभं करून ते काम पार पडलं. निघताना शंकरदादांनी मलाच विचारलं, "पुन्हा आला तं?"

"येत नाही," काका भिंतीला म्हणाले.

पुढच्या रविवारी तो नकली चौकीदार पुन्हा आला. त्याच्या पुढच्याही. तिसऱ्या खेपेला चहाचं थेट विचारलं गेलं. मग एकदा सावजी रस्सा झाला, आणि तिखट कोणाला सोसत नाही यावरून दोघं इतके भांडले की मला फार बरं वाटलं.

अशा किती खेपा झाल्या कोण जाणे. शेवटी मला राहवेना. "दादा, तुमच्या कम्प्युटरला असं कुलूप लावून देते की नवीन काही बसणारच नाही," असं म्हणून मी खुर्ची ओढली. शंकरदादा एकदम छताकडे पाहायला लागले.

"राहू दे," काका घाईने म्हणाले. "उशीर होऊन राहिला."

परतीच्या ऑटोत मी म्हटलं, "काका, एक सांगू? मी कम्प्युटरच्या नोंदी पाहिल्यात. तो आपोआप येत नाही. दादा स्वतः शोधून त्या साइटवर जातात आणि बटण दाबतात."

काका बाहेर बघत होते.

"माहीत हाय मले. दुसऱ्याच खेपेले समजलं."

"मग बोलला नाहीत?"

"काय बोलू? दादाले 'ये' म्हणताच येत नाही. लहानपणीही नव्हतं येत. मी रुसून मागच्या आंगणात बसलो, की हा हाक नाही माराचा. माझ्या हातमागावरचा ताणा, म्हणजे उभे धागे, तोडून ठेवाचा. मग मी बोंबलत आत यायचो, अन् दोघं जवळ बसून एकेक धागा सांधत बसायचो. त्यात रुसवा कुठी जायचा, समजायचं नाही."

ऑटोत दोघं-तिघं चढले. काका सरकून बसले, मांडीवर हात ठेवून.

"अन् दादा रुसला की मी त्याचा तोडाचो," ते म्हणाले.

नंदनवनला उतरल्यावर त्यांनी कंबर सरळ केली. "पुढच्या रविवारी बसनं जाऊ वं," ते म्हणाले. "ऑटोवाला लय हालवते."