संगणकाला नापास करणारे मठपती सर

मठपती सरांनी आमच्या संगणकाला पहिल्याच आठवड्यात नापास केलं. दहापैकी दोन. त्यातला एक गुण टापटिपीचा.

हे गुण ते खरोखर देत. लाल शाईनं, जाडजूड वहीत, रोजच्या रोज. वहीच्या पहिल्या पानावर ‘विद्यार्थ्याचे नाव : संगणक’ असं लिहिलेलं आणि ‘पालकाचे नाव’ म्हणून चक्क माझं. सही करायला या, असा निरोप त्यांनी मला एकदा पाठवला होता. मी गेले नाही, तर त्या तारखेसमोर ‘पालक गैरहजर’ असा शेरा मारून ठेवला.

आता हा संगणक माझ्या गळ्यात कसा पडला ते सांगते. निलंग्याला भाड्याच्या दोन खोल्यांत आमचं हवामान केंद्र होतं. संगणक आभाळाचे चौकोन पाडायचा आणि आज कुठल्या चौकोनात ढग किती उंच चढेल, कुठे गडगडेल, कुठे पाऊस पडेल याचं गणित करायचा. प्रत्यक्षात काय झालं ते गावोगावचे निरीक्षक फोनवर कळवायचे. दोन्ही शेजारी शेजारी मांडून फरक काढणं हे माझं काम. काम सोपं होतं, पण हंगरग्याचे निरीक्षक मठपती सर होते.

सरांनी हंगरग्याच्या शाळेत गणित शिकवण्यात हयात घालवली होती. वाळकी, उंच अंगकाठी, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. निवृत्त झाले तेव्हा शाळेतून त्यांनी एकच वस्तू मागून आणली, फळ्यावर वापरायचा मोठा लाकडी कोनमापक. त्याला दोरी आणि दोरीला लोखंडी नट बांधून त्यांनी ढग मोजायचं यंत्र केलं होतं. बस थांब्यावर उभं राहून ते कोनमापक डोळ्याला लावायचे, तेव्हा नवखा कंडक्टर गाडी थांबवायचाच.

बाकीचे निरीक्षक “पाऊस निरंक” म्हणून फोन ठेवायचे. त्या साली दुष्काळच असा होता की दुसरं सांगण्यासारखं काही नसायचं. सरांचं तसं नव्हतं.

“पाऊस निरंक. लिहिलं? आता ढग लिहा. नैर्ऋत्येला एक हाय, फुलकोबीवानी. वाढून राहिलाय. तुमचा विद्यार्थी काय म्हनतो?”

“आकाश निरभ्र राहील म्हणतो, सर.”

“कशावरून?”

“त्यानं गणित केलंय.”

“उत्तर कुनीबी सांगतंय मॅडम, कच्चं काम दाखवा.”

‘कच्चं काम दाखवा’ हे त्यांचं पालुपद. भाजीवाल्यानं भाव सांगितला तरी तेच, ग्रामसेवकानं योजना सांगितली तरी तेच. उदगीर नवा जिल्हा होणार आणि हंगरगा त्यात जाणार अशी बोलवा त्या दिवसांत जोरात होती. गावातल्या उत्साही मंडळींनी दुकानांच्या पाट्यासुद्धा रंगवून घेतल्या. सर मात्र आम्हाला पाठवायच्या नोंदींच्या तक्त्यावर ‘जिल्हा : लातूर (सध्या)’ असं लिहायचे. तो कंसातला ‘सध्या’ खोडा म्हणून मी तीनदा सांगितलं. खोडाखोड त्यांना जमत नव्हती. एकदा लिहिलं की ते तसंच राहायचं, मग चूक स्वतःची का असेना. चुकीवर ते दुसऱ्या ओळीत ‘वरील चूक माझी’ असं लिहायचे.

खरं सांगायचं तर मला त्यांचा वैताग यायचा. त्यांचा फोन आला की मी बाजूच्या टेबलावरच्या बाईंकडे बघून डोळे फिरवायची. एका फोनला अर्धा तास जायचा. घरी एकटेच असतात, वेळ जात नसेल, एवढं मला कळत होतं, पण कळून वळत नव्हतं.

मे महिन्याच्या शेवटी एक दिवस दुपारी चारच्या सुमाराला त्यांचा फोन आला. ही त्यांची वेळ नव्हे.

“मॅडम, पश्चिमेला ढग लई चढलाय. वरून सपाट झाला, ऐरणीसारखा. तुमचा काय म्हनतो?”

मी पडद्यावर पाहिलं. संगणकानं ढग दाखवला होता, पण पार भालकीच्या बाजूला, कर्नाटकात. हंगरग्याचा चौकोन कोरा.

“सर, तुमच्याकडे काही नाही. तिकडे भालकीला आहे.”

“भालकी पूर्वेला हाय. हा पश्चिमेला हाय.” मग म्हणाले, “आन् इथं माळावर टँकरसाठी बाया उभ्या हायत. चाळीसेक असतील.”

मी खुर्चीत सरळ बसले. हंगरग्याचा तो माळ मी पाहिला होता. टँकर गल्लीत वळत नसे म्हणून माळावर उभा राहायचा. उघडा बोडका माळ आणि मधोमध एक कडुलिंब. चार दिवसांनी येणारा टँकर. मागच्या खेपेला कुणीतरी रांगेतली भांडी सरकवली म्हणून दोघींची डोकी फुटली होती. तेव्हापासून एकही बाई आपल्या घागरीपासून हलत नव्हती. वीज चमकायला लागली की चाळीसजणी शाळेत न जाता घागरींजवळच्या त्या कडुलिंबाखाली जाणार, हे मला निलंग्यात बसून दिसत होतं.

“सर, त्यांना शाळेत न्या. लगेच.”

“तेच करून राहिलो. फोन चालू ठेवतो. थांबा... चमकली. एक, दोन, तीन...”

ते मोजत होते. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद. तीन सेकंदांना एक किलोमीटर.

“एकवीस. सात किलोमीटर.”

मग खिशात फोन पडल्याचा आवाज झाला आणि पुढचं सगळं मला कापडातून ऐकू आलं. सर ओरडत होते, “भांडी ऱ्हाऊ द्या! मी नंबर लिहून घेतो! नाव सांगा आन् शाळेत पळा!”

एक बाई म्हणाली, “सर लिहितेत म्हनल्यावर नंबर कुठं जात न्हाई. लिहा, पारूबाई, दोन घागरी.”

भराभर नावं यायला लागली. सर ती लिहून घेत होते, बहुतेक संगणकाचे गुण लिहायच्याच वहीत. मध्येच सर थांबायचे, मोजायचे. “पंधरा. पाच.” पुन्हा नावं. कुणीतरी चिडून म्हणालं, “पाऊस पडायचा न्हाई आन् तुमी येड्यावानी पळवून राहिलात.” सरांनी नुसतं नाव विचारलं.

नावं संपली, तशी एक जाड आवाजाची बाई आडवी आली. गंगाबाई तिचं नाव, ते मला नंतर कळलं.

“नंबर तुमच्या वहीत ऱ्हाईल सर, पर घागरी कोन राखनार? मागच्या येळी माझी गेली. मी न्हाई हलत.”

“गंगाबाई, तू हलली न्हाईस तर ह्या कुनीच हलायच्या न्हाईत.”

“मग तुमी सांगा, कोन राखतंय?”

“मी राखतो. जा. पळ!”

मी फोनमध्ये म्हणाले, “सर, तुम्हीही जा. घागरी कुणी नेत नाही.” ते ऐकतच नव्हते. वाऱ्याचा आवाज वाढला. पत्र्याचं भांडं गडगडत गेल्याचा आवाज आला. लांबून बायकांचा कालवा आला आणि कमी होत गेला, म्हणजे त्या शाळेपर्यंत पोचल्या असाव्यात.

“नऊ,” सर म्हणाले. “तीन किलोमीटर. झाडापासून लांब बसलोय मॅडम, काळजी करू नका. पाय जवळ घेऊन, चवड्यावर. तुमच्या त्या विजेच्या पत्रकात होतं तसं.”

“सर, शाळेत जा!”

“मी गेलो की त्या परत येतील. खिडकीतून बघून राहिल्यात. एक, दोन, तीन, चार...”

चार. पुढचा आकडा आला नाही. फोनमध्ये असा कडाका झाला की मी तो कानापासून लांब धरला. मग काहीच नाही. मी ओरडत राहिले. बाजूच्या बाई उठून माझ्याजवळ आल्या. आतल्या खोलीतून साहेब बाहेर आले. फोन मध्येच केव्हातरी कटला होता.

निलंग्याहून हंगरगा अठरा किलोमीटर. स्कूटी कशी चालवली ते मला आठवत नाही. रस्ता कोरडाच होता, चार थेंबांचे डाग तेवढे पडलेले. त्या संगणकाला मी वाटेत ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. स्वतःलाही दिल्या. ‘तुमच्याकडे काही नाही’ हे मीच सांगितलं होतं.

माळावरचा कडुलिंब उभा चिरला होता. घागरी बऱ्याच रांगेत होत्या, काही लवंडलेल्या. सर शाळेच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून बसले होते. अंगभर धूळ, भस्म पुसलेलं, छातीशी वही. गंगाबाई त्यांचे तळपाय चोळत होती आणि चोळता चोळता त्यांना बोलत होती. वीज झाडावर पडली तेव्हा ते पन्नास-साठ पावलांवर होते. उताणे पडले, एवढंच. डावा कान बंद झाला होता.

मला हायसं वाटायला हवं होतं, पण मला आला राग.

“तुम्हाला अक्कल आहे का सर? घागरींसाठी जीव देतात का?”

ते उजवा कान पुढे करून ऐकत होते. “घागरीसाठी न्हाई. कुनीतरी थांबल्याबिगर ह्या जाईनात. ह्या समद्यांच्या घरी लेकरं वाट बघत असतेत. मी घरी गेलो न्हाई तर नुसतं कुलूप तसंच ऱ्हातंय. सोपं गनित होतं.”

गंगाबाईचा हात थांबला. मला रडू आलं आणि ते लपवायला मी ओढणीनं तोंड पुसलं.

तेवढ्यात टँकर आला. बायका उठल्या. सरांनी वही गंगाबाईकडे दिली आणि तिनं शाळकरी मुलीकडून एकेक नाव वाचून घेतलं. भांडण झालं नाही. सरांचं नाव यादीत नव्हतं. त्यांनी लिहिलंच नव्हतं. पारूबाईनं आपल्या दोन घागरींतली एक भरून त्यांच्या पायाशी आणून ठेवली.

व्हरांड्यात आम्ही दोघंच उरलो. सरांनी पायाशी ठेवलेली घागर भिंतीकडे सरकवली. मग म्हणाले, “मॅडम, वीज पडल्यावर फोनमधून तुमी वरडत होते.”

“आत जा म्हणून ओरडत होते.”

“ते न्हाई. त्याच्या आदी हाक मारली. सर म्हनून न्हवती मारली.”

मला आठवेना. मग आठवलं. आम्ही घरी वडलांना अप्पा म्हणतो. घाबरले की माझ्या तोंडातून तेच निघतं, कॉलेजला असतानाही निघायचं.

“अप्पा म्हणाले बहुतेक,” मी पुटपुटले.

सरांनी डाव्या कानाला हात लावला. “ऐकू येईना. जोरात सांगा.”

“अप्पा म्हणाले!” मी ओरडले. टँकरजवळच्या चारजणी वळून बघायला लागल्या.

त्यांनी मान हलवली. म्हणजे ऐकू गेलं होतं. पण मग त्यांनी सावकाश तोंड फिरवलं, चांगला कान माझ्याकडे केला आणि म्हणाले, “आता ह्याच्यात सांगा.”