एका माणसाला एकच काम

डायरेक्टर म्हणून महांतेशचा पहिला दिवस होता, आणि तिकडे निपाणीत आईनं त्याचं नाव टीव्हीवर बघायला अख्खी गल्ली आधीच बोलावून ठेवली होती. बंगळुरात जे. पी. नगरातलं घर मालिकेच्या शूटिंगला दुपारी दोनपर्यंतच मिळालं होतं. हॉलमध्ये घरच्या यजमानांचं प्रेत, भोवती रडणारी मंडळी, कॅमेरा तयार. महांतेश ‘स्टार्ट’ म्हणणार, तोच दारात युनियनचा जयतीर्थ उभा.

“सर, कार्ड?”

सेटवर कार्डं तपासायला जयतीर्थला नेमलं होतं डायरेक्टर युनियनच्या सेक्रेटरीनं, म्हणजे असिस्टंट असतानाच सेक्रेटरी झालेल्या खुद्द महांतेशनं. कार्ड नाही तर ‘स्टार्ट’ नाही, हा नियमही त्याचाच. जानेवारीत त्यानं एकशे चाळीस कार्डांवर नव्या वर्षाची सही ठोकली. स्वतःच्या कार्डावर स्वतः सही करायची नाही, हेही त्यानंच मोठ्या तोऱ्यात पास करून घेतलं होतं. अध्यक्षांची सही घ्यायची तेवढी राहून गेली.

“अरे, मला ओळखत नाहीस होय?”

“ओळखतो की. म्हणून तर सर म्हटलं. अध्यक्षांची सही आणा, सर.”

अध्यक्ष देवनहळ्ळीच्या किल्ल्यात शूटिंग करत होते. तिथं फोन नव्हता. इथं बारा वाजले होते.

“कार्ड माझ्याकडे आहे,” प्रेत म्हणालं.

नाकातला कापूस काढत भीमसेन अण्णा उठून बसले. एके काळचे नावाजलेले डायरेक्टर, पण सहा वर्षं कुणी बोलावलं नव्हतं. मिळेल ते काम करत. कार्डावर मात्र दर वर्षी न चुकता सही घेत.

“झोपूनच ‘स्टार्ट’ म्हणा, अण्णा,” महांतेशनं हात जोडले.

“चालायचं नाही.” जयतीर्थनं वही उघडली. “एका माणसाला सेटवर एकच काम. ठराव सात. आणि ‘स्टार्ट’ म्हणेल त्याचंच नाव पडद्यावर. ठराव आठ. दोन्हीचे सूचक तुम्हीच.”

मग प्रेत कोण होणार? बाकी सगळे रडायला हवे होते. रिकामा असा एकटा महांतेशच होता. तो निमूटपणे चटईवर आडवा झाला. ‘स्टार्ट’ म्हणताना अण्णांचा आवाज कापला, आणि महांतेशलाही भरून आलं. डोळे मिटलेले होते ते बरंच झालं.

टीव्हीवर तो भाग दाखवला त्या दिवशी आईचा फोन आला.

“नाव काय तुझं दिसलं नाही रे. पण तू दिसलास. सगळी गल्ली रडली.”

“नाव भीमसेन अण्णांचं लागलं,” महांतेश म्हणाला.

“त्या भीमसेन डायरेक्टरला सोडू नकोस,” आई म्हणाली. “तुला एवढा वेळ गप्प ठेवणारा माणूस मी पहिल्यांदाच बघितला.”